दुसऱ्या गेटापर्यंत

पट्टी सोडली तेव्हा आधी टाके मोजले.
सव्वीस पिना, गुडघ्यावरून सरळ खाली,
मधेच एके ठिकाणी सूतभर डावीकडे सरकलेल्या.
म्हणालो, साहेब, कापड धरणारा नवीन होता काय?
डॉक्टर हसले. मीही हसलो,
हसताना पाय हलला,
आणि पुढचं आठवत नाही.

आत काय बसवलंय ते पाहिलं नाही.
धातू म्हणे, मधे प्लास्टिकची चकती.
मी तर अस्तरसुद्धा गिऱ्हाइकाला
उलटून दाखवायचो.

चाळीस वर्षं खडेबाजारात पायमशीन.
मशीनला दर शनिवारी तेल घातलं.

सकाळी दहाला दानम्मा येते, बैलहोंगलची,
वयानं माझ्या कात्रीपेक्षा लहान.
"मंडी मडचरी," म्हणते.
मी मांडीवर हात ठेवतो.
"अदल्लरी," आणि बोट खाली सरकवते.
त्यांचा गुडघा मंडी,
आमची मांडी त्याच्यावर वीतभर.
माझी कन्नड दुकानापुरती:
बाही, छाती, बाकी किती, शुक्रवारी या.
पँटीच्या गुडघ्याला दोघंही 'नी' म्हणत आलो,
तेवढ्यापुरतं या गावात भांडण नव्हतं.

टाच ओढायची मागं, गादीवरून घासत.
ओंदु. एरडु. मूरु.
"इन्न स्वल्परी."
तिच्याकडे कोन मोजायची पारदर्शक पट्टी,
माझ्याकडे टेप.
टाच आणि बैठक यांत किती इंच उरले
ते मी मापाच्या वहीत लिहितो,
पानावर नाव: काकतकर, स्वतः.
सोमवार साडेचौदा.
मंगळवार चौदा.
बुधवार पंधरा.
बुधवारी मी शालनशी बोललो नाही.

रात्रीचं मात्र वहीत लिहीत नाही.
रात्री गुडघ्यावर कुणी इस्त्री विसरून गेल्यासारखं होतं.
शालन टॉवेलात बर्फ गुंडाळते,
उठल्याचा आवाज होऊ देत नाही,
मी जागा आहे हे तिला ठाऊक असून.
खाली उशी घ्यावीशी वाटते, आणि तीच घ्यायची नाही;
बरं वाटतं, पण पाय वाकडा राहतो.
ओल्या कापडाला पडलेली चुणी
वाळल्यावर कुणाच्या बापाला निघत नाही,
हे मला दानम्मानं शिकवायला नको होतं.
तरी दोनदा घेतली.
दोन्ही वेळा शालननं काढली.

वॉकर गेला, काठी आली.
चढताना चांगला पाय, उतरताना दुखरा,
नातू हे शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणतो
आणि स्वतः तीन पायऱ्या गाळून उडी मारतो.

एक्केचाळीसाव्या दिवशी पहिल्या गेटापर्यंत.
आज अठ्ठेचाळिसावा. दुसऱ्या गेटाशी पोचतो न पोचतो,
फाटक पडलं.
या फाटकाला मी जन्मभर शिव्या दिल्यात:
बस्ता हँडलला, नवरदेवाचा सूट मांडीवर,
आणि पलीकडं सनई सुरू.
आज काठी टेकून उभा राहिलो,
थांबायला कुणीतरी सरकारी कारण दिलं म्हणून
मनातून बरंच वाटलं.

लोंढ्याकडनं मालगाडी आली, सावकाश.
डबा आला की गुडघा मागं ताणून धरायचा,
डबा गेला की सोडायचा.
ओंदु, एरडु, मूरु,
हत्तु झालं की पुन्हा ओंदु,
दानम्मा मोजते तसं.
स्कूटरवरचा किणेकरांचा पोरगा म्हणाला,
"काय मास्तर, कानडीत जप करूलालासा?"
मी बोट वर केलं, थांब म्हणून.
एळु. एंटु.

गार्डाचा डबा धरून चार हत्तु आणि वर सहा.
फाटक उचललं. हॉर्न सुरू झाले,
सगळे एकदम घुसले.
त्यांना जाऊ दिलं.
मग रूळ बघून,
चांगला पाय आधी.